उधाणाची रेघ

फिशटँकवाल्याला लोक दोनच वेळा फोन करतात. पाणी कमी झालं की, नाहीतर पाणी जास्त झालं की. पाणी जिथे असायला हवं तिथेच आहे, मासे मजेत आहेत, तुम्ही नुसते या, असा फोन मला सगळ्या धंद्यात मिळून एकदाच आला. आता दुकान बंद केलंय, गुडघे कुरकुरतात, कपाटात डोकं घालून बसणं होत नाही. तरी तो फोन आठवला की बरं वाटतं आणि पाठोपाठ वाईटही. अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. मला दुसरं काही सुचलंच नाही.

मी मूळचा उमेळ्याचा, वाडीवाला माणूस. केळी, पानवेली, कडेकडेने मोगरा. विहिरीवर पंप, पंपातून हौदात, हौदातून पाटात आणि पाटातून आळ्याआळ्यात पाणी जायचं. लहानपणी माझं काम एकच. फावडं घेऊन पाटाच्या तोंडाशी उभं राहायचं, एक आळं भरलं की मातीचा बांध इकडे घालायचा आणि तिकडे फोडायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, केळीच्या पलीकडून ओरडायचे, पाण्याला अडवायचं असेल तर आधी त्याला जायला जागा ठेव. मला तेव्हा ते नुसतं ओरडणं वाटायचं. वाडीत माझं मन लागलं नाही. वसई रोडला एका काचवाल्याकडे काच कापायला शिकलो आणि तिथून फिशटँकमध्ये शिरलो.

नव्वदच्या आसपास इकडे इमारती उठायला लागल्या. फ्लॅट आला, फ्लॅटमध्ये शोकेस आली, शोकेसवर दोन फुटांची टाकी आली. चार गोल्डफिश, एक प्लास्टिकचं झाड आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा बेडूक. महिन्यातून एकदा पाणी बदललं की माझं काम संपलं. दोन हजारनंतर टाक्या मोठ्या व्हायला लागल्या, लोकांना समुद्राचे मासे हवेसे वाटायला लागले, आणि त्यांच्याबरोबर संप आला.

संप म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो. त्याच्या वरच्या काठाला फणीसारखे दात. टाकीतलं पाणी त्या दातांवरून कप्प्यात सांडतं आणि पाइपातून खालच्या कपाटात लपवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. ती दुसरी टाकी म्हणजे संप. तिथे पाणी गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. हा फेरा चोवीस तास चालू. यातली गंमत अशी, की वरची पातळी जवळजवळ हलतच नाही. दात जिथे आहेत तिथे पाणी थांबतं. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं तरी वर काही कळत नाही, कमी होतं ते खाली, संपच्या शेवटच्या कप्प्यात. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो, वरचे मासे बघा आणि खालचं पाणी बघा.

दुसरी गंमत लाईट गेल्यावरची. पंप थांबतो, पण दातांच्या वरचं पाणी आणि पाइपांमधलं पाणी खाली उतरायचं थांबत नाही. ते मावायला संपमध्ये रिकामी जागा लागते. नसेल तर सगळं तुमच्या हॉलमध्ये. म्हणून पंप चालू असताना संप किती भरायचा, तिथे मी काळ्या मार्करने रेघ मारायचो. रेघेच्या फार खाली गेलं तर पंप जळेल, रेघेच्या वर गेलं तर लाईट गेल्यावर घर बुडेल. त्या काळात आमच्याकडे भारनियमन असं होतं की लाईट येते कधी तेच विचारायचं. माझं निम्मं आयुष्य त्या रेघा समजावण्यात गेलं.

लोक ऐकतात असं समजू नका. एका बिल्डरच्या ऑफिसात मी पाच फुटांची टाकी बसवली होती. आठ दिवसांत फोन, गालिचा भिजला, ताबडतोब या. जाऊन बघतो तर फणीच्या सगळ्या दातांवर चिकटपट्टी लावलेली. कुणीतरी वास्तुवाल्याने सांगितलं होतं, पाणी काठोकाठ हवं, भरभराट होते. दात बंद केल्यावर पाणी जाणार कुठे? काठावरून उतरून सरळ साहेबांच्या गालिच्यावर. मी पट्टी सोलून काढली तेव्हा साहेब माझ्याकडे असे बघत होते की त्यांची भरभराटच मी सोलून चाललोय. अशा गोष्टी सांगायला लागलो तर अंक पुरणार नाही. मला सांगायचंय ते हिराजीदादांचं.

नालासोपाऱ्याला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जयवंत राहायचा. चाळिशीच्या आतला, मुंबईत चांगल्या ऑफिसात. बायको शाळेत शिक्षिका. त्याच्या साहेबांच्या घरी समुद्राच्या माशांची टाकी होती, ती बघून यालाही हवी झाली. मी चार फुटांची करून दिली. समुद्राचं पाणी अर्नाळ्याच्या होडीवाल्याकडून ड्रममध्ये भरून आणलं. त्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, एक निळा, आणि दगडाला धरून डोलणारं एक समुद्रफूल. हिराजीदादा हे जयवंतचे वडील. सत्तरीचे, काळे, काटक, तळव्यांना भेगा पडलेल्या. बायको गेल्यावर मुलाने गावातून फ्लॅटवर आणलेले. पहिल्याच दिवशी मी पंप चालू करून वळलो तर म्हाताऱ्याने टाकीत बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं. मी ओरडलोच. म्हटलं, अहो दादा, हे काय करताय, हाताचं तेल लागतं, मासे मरतील.

ते शांतपणे म्हणाले, "अर्नाळ्याचं नाय वाटत. भायेरचं हाय, खोल दर्यातलं."

होडीवाल्याने खरंच लांबून, खोल पाण्यातून भरलं होतं. मला ते ठाऊक होतं, पण या माणसाला कुणी सांगितलं? तेव्हा कळलं की दादांनी चाळीस वर्षं मिठागरात काढलीत. आमच्या उमेळ्याच्या पलीकडे खाडीला लागून मिठागरं होती, त्यातल्या एकावर ते पाण्याचे मुकादम होते. मिठागर कधीच बंद पडलं, आता तिथे भराव आहे. हे मला दादांनीच सांगितलं, जयवंतने नाही. जयवंत आल्यागेल्याला सांगायचा, बाबा गावी शेती बघायचे. एकदा माझ्यासमोरही तसं म्हणाला, आणि दादा खाली मान घालून चहा पीत राहिले.

रोज उडून जाणारं पाणी भरायचं काम दादांकडे आलं. मी त्यांना शिकवायला बसलो. म्हटलं, दादा, उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं, म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी. शहाणी शिकलेली माणसं इथे चुकतात, खारं घालत बसतात आणि महिन्याभरात मासे संपतात. दादांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, पानी उडतं नि मीठ बसतं, त्याच्यावरच तं पोरं वाढवली." माझी मलाच लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्यांना शिकवायच्या भानगडीत पडलो नाही. काळी रेघ दाखवली आणि निघालो.

हिवाळाभर सगळं सुरळीत होतं. दादा कपाटापुढे लाकडी स्टूल टाकून बसायचे, रोज तांब्याने पाणी घालायचे. मी गेलो की मला माशांच्या खबरी द्यायचे. सूनबाई म्हणायच्या, टाकी आल्यापासून बाबा दोन घास जास्त जेवतात.

मार्चमध्ये लाईट जायला लागली आणि जयवंतचा फोन आला. संप भरून सांडला, पाणी झिरपून खालच्या पेडणेकरांच्या छतातून टपकलं. पेडणेकर बँकेतले, नुकतंच हॉलला नवं छत करून घेतलेले. मी धावत गेलो. फणी स्वच्छ. पाइपात शेवाळ नाही. वर जाणाऱ्या पाइपला पाण्याच्या जरासं खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्यातून हवा शिरली की उलटं येणारं पाणी तुटतं. तेही मोकळं. संपमधलं पाणी काळ्या रेघेला, नव्हे, रेघेच्या बोटभर खालीच. मी मेन स्विच बंद करून बघितला. पाणी उतरलं, काठाच्या खाली थांबलं. एक थेंब बाहेर नाही. पाइप बदलला आणि मोठ्या तोऱ्यात सांगून आलो की आता होणार नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा झालं. पुन्हा गेलो, पुन्हा सगळं बरोबर. पंप बदलला. त्यानंतर पंधरवड्याने तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक म्हणतंय सांडलं, खालचं छत म्हणतंय सांडलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे टाकी म्हणतेय मी नाही त्यातली. लाईट तर रोज जात होती. मग सांडायला पंधरा दिवसांतून एकच दिवस का? धंद्यात इतकं डोकं मी कधी खाजवलं नव्हतं.

या वेळी सोसायटीचं पत्र आलं होतं. जयवंत ते हातात धरून म्हणाला, आता एकदा जरी झालं तरी टाकी जाईल, मधुकरभाऊ, फुकट न्या पण घेऊन जा. दादा स्टुलावर बसले होते. त्यांचा हात काचेवर होता, तो तसाच राहिला. मी निघालो तरी ते हलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच गेलो. ठरवलं होतं, लाईट जाईपर्यंत बसायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दादा आतल्या खोलीत पडले होते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. भिंतीवर कॅलेंडर होतं, दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, आणि पेडणेकर विचारतात म्हणून सूनबाईंनी पाणी सांडलेल्या दिवसांना लाल पेनाने गोल केलेला. पहिला लाल गोल अमावास्येला. दुसरा पौर्णिमेला. तिसरा पुन्हा अमावास्येला, म्हणजे परवाचा.

मी खाडीकाठचा माणूस. अमावास्या आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, मोठी भरती, हे मला काय कुणी सांगायला हवं? मी ग्लास ठेवला आणि दादांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खाटेवर बसलो. म्हटलं, दादा, परवा टाकीत किती पाणी घातलंत?

"चार बोटं," ते म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. उठून बसले आणि समजावून सांगायला लागले. उधाणाच्या दिवशी दर्याला पाणी चढतं. मिठागरात त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला बांधातली झडप, त्यांच्या भाषेत उघाडी, उघडायची आणि खाडीचं पाणी आत घ्यायचं. चाळीस वर्षांत त्यांनी एक उधाण चुकवलं नव्हतं, मुलाच्या बारशाच्या दिवशीसुद्धा आधी उघाडी आणि मग बारसं.

"हे दर्याचे मासे हायेत, भाऊ. यांना उधान कळतं. लाईट जाते तवा वरचं पानी बोटभर उतरतं, ती यांची ओहोटी झाली. मंग भरती कोन देनार? वाट बघत बसतील ना बिचारे. त्यांना काय म्हायती, आपन नाल्यासोपाऱ्यात हाय."

मी म्हटलं, अहो पण ते सांडतं ना. ते म्हणाले, दुपारचा डोळा लागतो, उठलो की फरशी ओली दिसते, मी पुसून घेतो, पाइप गळका असेल तुमचा. आणि मग जरा थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "आमचा बांध चार बोटांनी कधी सांडला नाय. तुम्ही जागा कमी ठेवली."

माझा पारा चढला. मी उगाच उलटसुलट पाइप बदलत बसलो, माझं नाव खराब झालं, आणि वर हा म्हातारा मलाच जागा कमी ठेवली म्हणतो. तरी तेव्हा गप्प राहिलो. तसाच गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जयवंत आला, त्याच्या मागोमाग पेडणेकर आले. पेडणेकर चांगले गृहस्थ, पण छत गेलेलं. ते मला टाकून बोलले, असल्या अर्धवट कारागिरांना दारात उभं करू नये म्हणाले. मी जीभ आवरायला हवी होती. कसला तरी वॉशर खराब होता म्हणून मोकळा झालो असतो. पण कामाचा अभिमान फार वाईट. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्या कामात खोट नाही. पाणी कोण ओततं ते यांच्या वडिलांना विचारा."

सगळे दादांकडे वळले. दादा तांब्या हातात घेऊन उभे होते. जयवंतचा चेहरा लाल झाला. जो शब्द त्याने त्या घरात कधी उच्चारला नव्हता तो त्या दिवशी पेडणेकरांसमोर उच्चारला.

"बाबा, तुमचं मिठागर संपलं. आता माझं घर बुडवणार आहात का?"

दादांनी तांब्या टेबलावर ठेवला. अजिबात आवाज न करता ठेवला, ते मला अजून दिसतं. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं. पाणी भरायचं काम सूनबाईंकडे गेलं. टाकी वाचली, छत वाचलं, माझी अब्रू वाचली. पुढचे दोन महिने मी जायचो तेव्हा पाणी काळ्या रेघेला अगदी चिकटून, आणि दादा गॅलरीत, टाकीकडे पाठ करून. मी म्हणायचो, दादा, मासे बघायला येता का? ते म्हणायचे, "बराबर हाय ना पानी? मंग झालं." एका पौर्णिमेला मी दुपारी तिथेच होतो. बारा वाजले. दादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग खाडी ज्या बाजूला आहे तिकडे बघितलं. तिकडे दिसायला दुसऱ्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्याच होत्या. मग ते आत येऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. माझ्या हातातला स्पंज तसाच राहिला.

त्या रात्री मला अण्णांची आठवण आली. आमची वाडी गेली तेव्हा आम्हाला त्याच जागेवर दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. विहीर बुजवली, पाट कुठे होता ते मलाही ओळखू येईना. अण्णा पहाटे उठायचे आणि अंधारात मला विचारायचे, मधू, पाणी कुठवर आलं? मी झोपेत वैतागून म्हणायचो, अण्णा, नळ सहाला येतो. असं मी कितीतरी दिवस म्हणालो. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्या पावसाळ्यात ते गेले. आज मला कुणी पहाटे उठवून तो एक प्रश्न विचारावा म्हणून मी काय वाटेल ते देईन. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय.

आणि मग त्यांचं ते ओरडणं आठवलं, पाण्याला जायला जागा ठेव. हिराजीदादा वेगळं काय म्हणाले होते? मी दात, पाइप, भोक, पंप सगळं तपासलं होतं, फक्त ते पाणी ओतणारा माणूस धरला नव्हता हिशोबात. ज्या घरात मिठागराचा मुकादम पाणी भरणार, तिथे चार बोटं जास्तीची ठेवायला हवी होती. खोट माझ्याच कामात होती.

मी कपाटाची मापं काढली आणि नवा संप करायला घेतला. उंची जितकी मावेल तितकी वाढवली, लांबीही वाढवली. काच मी स्वतः कापली, सिलिकॉन स्वतः भरलं, चार दिवस पाणी भरून दुकानात ठेवला. मग एका रविवारी जयवंतकडे घेऊन गेलो. त्याला वाटलं मी उगाच काम काढतोय. जुना संप काढला, नवा बसवला, आणि दादांना गॅलरीतून हाताला धरून आणलं. काळी रेघ मारली. तिच्यावर दादांचा हात आडवा ठेवायला लावला, बरोब्बर चार बोटं, आणि चौथ्या बोटाच्या वर निळ्या मार्करने दुसरी रेघ मारली.

जयवंतने विचारलं, ही वरची कसली?

मी म्हटलं, "ही उधाणाची. इथवर भरलं आणि लाईट गेली, तरी सांडणार नाही. सांडलं तर पेडणेकरांचं छत मी करून देईन."

दादांनी हात काचेवरून काढला नाही. निघताना जयवंत मला जिन्यापर्यंत सोडायला आला. तिथे मी त्याला अण्णांचं सांगितलं, नळ सहाला येतो ते. तो जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूनबाई नंतर सांगत होत्या, कपाटाची किल्ली तो ऑफिसला जाताना दादांच्या स्टुलावर ठेवून गेला. हातात द्यायला काही जमलं नाही त्याला.

पुढच्या अमावास्येला मी मुद्दाम अकरालाच जाऊन बसलो. दादा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार. बाराला पाच मिनिटं असताना त्यांनी कपाट उघडलं आणि तांब्यातांब्याने पाणी सोडायला लागले, इतकं हळू की पंपाच्या आवाजातही फरक पडला नाही. निळ्या रेघेला पाणी टेकलं आणि ते थांबले. मी मेन स्विच बंद केला. वरचं पाणी सरसर खाली उतरलं, संपमध्ये चढत गेलं, आणि काठाच्या तीन बोटं खाली थांबलं. आम्ही दोघं फरशीवर बसून त्या कोरड्या फरशीकडे बघत होतो. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "आता झाला बांध." मला आयुष्यात जी काही शाबासकी मिळाली त्यात ही सगळ्यात वरची.

एक गोष्ट कबूल करून टाकतो. संपमध्ये तुम्ही कितीही पाणी घाला, वरच्या टाकीची पातळी दातांपाशीच राहते. म्हणजे ती भरती त्या माशांपर्यंत कधी पोचतच नव्हती. हे मी दादांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. चाळीस वर्षं पाण्याकडे बघणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

पुढे तीनेक वर्षं दादांनी एकही उधाण चुकवलं नाही. मग एका थंडीत ते गेले. मी गेलो होतो. हॉलमध्ये माणसं दाटीने बसली होती, टाकी चालू होती, आणि जयवंत कुणालातरी सांगत होता की बाबा मिठागरात पाण्याचे मुकादम होते. मी मागे उभा राहून ऐकलं. दादांच्या कानावर हे पडायला हवं होतं, एवढंच सारखं वाटत राहिलं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी तो फोन आला. पाणी बरोबर आहे, मासे मजेत आहेत, तरी तुम्ही या, जयवंत म्हणाला. कामाचा दिवस होता, हा घरी कसा, असा विचार करत मी गेलो. कपाट उघडं होतं. त्याने रजा काढली होती. संपची काच दाखवून म्हणाला, कामवाल्या बाईने परवा साबणाने पुसली, बाबांची रेघ गेली.

"आज अमावास्या आहे, भाऊ. मी इतके दिवस भरतोय. पण आता कळेना, कुठवर भरू?"

मी चष्मा लावून वाकलो. गुडघ्यांनी तेव्हाच तक्रार सुरू केली होती. दोन्ही रेघा पुसलेल्या होत्या, काच स्वच्छ. ती बाहेरून. मी काचेच्या आतल्या बाजूने हात घातला आणि बोट खालून वर सरकवत नेलं. एका जागी खरखरलं. महिन्यातून दोनदा पाणी तिथवर चढलं होतं, मग हळूहळू उडून खाली गेलं होतं, आणि दर वेळी जरासं मीठ मागे राहिलं होतं. दादांची तीन वर्षं आणि याचे चार महिने. पांढरी, बारीक, सरळ रेघ.

मी जयवंतचा हात धरला, आत घातला आणि त्याचं बोट तिच्यावर ठेवलं. म्हटलं, इथवर.

तो बराच वेळ ते बोट काचेवरून इकडून तिकडे फिरवत राहिला. मग हात बाहेर काढला, घड्याळ बघितलं, बाराला पाच मिनिटं होती, आणि तांब्या उचलायच्या आधी ते बोट त्याने जिभेला लावलं. त्या वेळी मी ओरडलो नाही.